रघुवीर लोखंडे यांचे कान

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. चंदीगडच्या मनीमाजऱ्यातील दोन खोल्यांच्या घरात माणसे तीन. मोहालीतील ज्या घरी त्या दिवशी काम होते, तिथेही तीन. एकूण सहा. त्यांपैकी पाच जणांना नीट ऐकू येत होते.

सहावे रघुवीर लोखंडे, वय एक्कावन्न. लोकांच्या घरी सिनेमाचा आवाज बसवून देणे हा त्यांचा व्यवसाय. वडील सैन्यात सिग्नल्समध्ये मेकॅनिक होते. शेवटची नेमणूक चंदीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत झाली आणि निवृत्तीनंतर ते गावी साताऱ्याला परतले नाहीत. रघुवीर १९९६ साली चंदीगडमधील एका एकपडदा चित्रपटगृहात ऑपरेटर म्हणून लागले आणि २०१८ साली ते बंद पडेपर्यंत तिथेच राहिले. ऑपरेटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर गरगरत असतो, दिव्याची गरम हवा बाहेर फेकणारा पंखा घोंघावत असतो, भिंतीपलीकडे जनरेटर असतो. या सगळ्यावर मात करील इतका मोठा एक स्पीकर डोक्याशी लावलेला असतो, कारण सभागृहातला आवाज बिघडला तर तो प्रेक्षकांच्या आधी ऑपरेटरला कळला पाहिजे. अशा खोलीत त्यांनी बावीस वर्षे काढली, रोज चार खेळ.

चित्रपटगृह गेल्यावर त्यांनी हे घरगुती काम सुरू केले आणि थोड्याच काळात त्यांचे नाव झाले. आवाज जुळवण्यासाठी हल्ली यंत्रासोबत एक छोटा मायक्रोफोन येतो. तो खोलीच्या मध्यावर ठेवला की यंत्र आपले आपण मोजमाप करते. रघुवीर तो मायक्रोफोन खोक्यातून काढतसुद्धा नसत. "दोन कान दिलेत ना देवाने? मग हा तिसरा कशाला?" असे ते गिऱ्हाइकाला विचारत, आणि गिऱ्हाईक हसून मान डोलावी. लोखंडे कानाने लावतो, ही त्यांची एकमेव जाहिरात होती. दुकान नव्हते, पाटी नव्हती. स्कूटर, हत्यारांची पिशवी आणि कान, एवढ्यावर घराचा निम्मा खर्च चालत होता.

उरलेला निम्मा त्यांच्या पत्नीच्या पगारावर. कांचन लोखंडे शहरातील एका मोठ्या रुग्णालयात ऐकण्याची तपासणी करतात. आवाजबंद खोलीत रोग्याला बसवायचे, त्याच्या कानात बारीक-जाड सूर सोडायचे, ऐकू आला की त्याने बटण दाबायचे आणि त्याचा आलेख कागदावर उतरवायचा. अठरा वर्षांत त्यांनी हजारो अनोळखी कान तपासले. नवऱ्याचे तपासले नव्हते. ज्याचे शरीर हेच भांडवल आहे त्याला त्या भांडवलाची तपासणी परवडत नाही, कारण तपासणीचा निकाल आणि उद्याचा रोजगार एकाच कागदावर लिहिलेला असतो. हे रघुवीरना बोलून दाखवता आले नसते. ते फक्त विषय बदलत.

त्या रविवारी सकाळी दूध इंडक्शनवर होते. वेळ संपल्याची पी-पी सुरू झाली. रघुवीर शेजारीच उभे राहून केबलची टोके सोलत होते.

"पापा, बंद करो ना! कब से बज रहा है," आतल्या खोलीतून मुलगी मधुरिमा ओरडली. ती बारावीत होती. मराठी समजायची, उत्तर हिंदीत द्यायची.

"काय बंद करू?"

"अहो, दूध!" कांचन धावत आल्या. दूध खाली सांडले होते. फडके फिरवता फिरवता, वर न बघता त्या म्हणाल्या, "मंगळवारी माझ्याकडे गर्दी नसते. दहा मिनिटांचं काम आहे."

"तुझं ते टूं-टूं? अगं, मी स्क्रू पडला तर सांगतो कुठल्या साइझचा आहे ते."

"पडला तर सांगाल. कोणी हाक मारली तर?"

"तुझी हाक ऐकू येत नाही ते वेगळं. ते वीस वर्षांच्या सरावानं जमतं."

मधुरिमा हसली. कांचन हसल्या नाहीत. रघुवीरनी हातातली केबल खाली ठेवली, परत उचलली, खिडकीपाशी गेले, परत आले. गेले काही महिने त्यांना एका जागी बसवत नव्हते. जेवताना उठत, टीव्ही बघताना उठत, रिमोट घेऊन आवाज वाढवत आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच कमी करत. सव्वानऊला त्यांनी स्कूटर काढली. काम दहाचे होते आणि रस्ता अर्ध्या तासाचा.

काम असे होते. नॉलेज सिटीच्या पलीकडे एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये सिद्धांत आणि प्राची हे नाशिककडचे तरुण जोडपे राहत होते. तो मोहालीत सॉफ्टवेअर कंपनीत, ती तिथल्या एका संशोधन संस्थेत, आणि चार वर्षांचा अथर्व. कॅनडाला निघालेल्या एका सहकाऱ्याकडून सिद्धांतने दोन मोठे, माणसाच्या छातीएवढे उंच स्पीकर स्वस्तात घेतले होते. घरचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा डबा, जुना आणि लहान होता. सिनेमात मोठा प्रसंग आला की आवाज फाटे, आणि कधी डबा तापून स्वतःच बंद पडे. नवा रिसीव्हर लाखाच्या घरात. सिद्धांतकडे पंधरा हजार होते.

आठवड्यापूर्वी पाहणीला गेले तेव्हा रघुवीरनी डब्याची पाठ फिरवून बघितली आणि बोटाने दोन भोके दाखवली. "हे बघ. इथून आवाज बाहेर काढता येतो, ताकद न लावलेला. तुझा डबा राहू दे. एक जुना दोन चॅनलचा ॲम्प्लिफायर घेऊ, पुढचे दोन स्पीकर त्याच्यावर टाकू. मधला आणि मागचे डबा सांभाळेल. त्याच्या डोक्यावरचं ओझं गेलं की तोही सुधारतो."

"म्हणजे आवाज डबल होईल काका?"

"नाही. तसं सांगणारा भेटला तर त्याला चहा न देता घालव. वॅट दुप्पट केलेस तर कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज दुप्पट हवा तर ताकद दहापट लागते. तुला आवाज मोठा नकोय, दमलेला नकोय. त्याला दम पुरला पाहिजे."

हा सल्ला खरा होता आणि प्रामाणिक होता. शंभर वॅटचा आकडा दाखवून लोकांना नवा डबा विकणारे पुष्कळ असतात; रघुवीरनी सात वर्षांत तसे एकदाही केले नाही. मनीमाजऱ्याच्या बाजारात जुन्या यंत्रांच्या एका दुकानात त्यांनी तीन ॲम्प्लिफायर उघडून बघितले, आतली धूळ फुंकली, फुगून निकामी झालेले भाग शोधले. दुकानदार म्हणाला, "लोखंडे जी, पक्का माल है, कान लगा के देख लो." रघुवीरनी कान लावला. आठ हजार आठशेला एक उचलला. स्वतःची मजुरी दोन हजार. सिद्धांतचे चार हजार वाचणार होते.

रविवारी जोडणी झाली आणि स्पीकरमधून घूंऽ असा जाड आवाज येऊ लागला. सिद्धांतचा चेहरा पडला. रघुवीर मात्र खुशीत आले. डबा एका भिंतीवरच्या बोर्डवर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवरच्या बोर्डवर, त्यामुळे दोघांचे अर्थिंग भांडते आहे, हे त्यांनी ऐकताच ओळखले. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डवर घेतली, टीव्हीच्या केबलची वायर बाजूला केली आणि घूं गेला. मग त्यांनी ॲम्प्लिफायरचा आवाजाचा नॉब पूर्ण उघडला, शेवटपर्यंत, आणि सिनेमा लावला. खोली भरून गेली. सिद्धांत उठून उभा राहिला. "यार!" एवढेच तो म्हणाला.

नॉब पूर्ण उघडा ठेवायचा ही चित्रपटगृहाची रीत. तिथे ॲम्प्लिफायर सगळे उघडे असतात, नॉबना चिकटपट्टी लावलेली असते आणि आवाजाचे माप दुसऱ्या यंत्रावर ठरते. कारण पडद्यामागचा स्पीकर पहिल्या रांगेपासूनही लांब असतो; उघड्या ॲम्प्लिफायरची मूळची फुसफुस तिथवर पोहोचत नाही. फ्लॅटमध्ये सोफा स्पीकरपासून आठ फुटांवर असतो.

सिनेमा थांबवला. खोली शांत झाली. अथर्व स्पीकरजवळ गेला, जाळीला डोळा लावला.

"अंकल, इसमें साँप है क्या?"

सगळे हसले. मग सिद्धांत हसायचा थांबला. "काका, खरंच काहीतरी सूं येतंय."

"गेला तो. आत्ताच काढला."

"तो जाड होता. हा बारीक आहे."

रघुवीरनी जाळीला कान लावला. डावा, मग उजवा. "काही नाही."

"मला इथे ऐकू येतंय," स्वयंपाकघराच्या दारातून प्राची म्हणाली.

या धंद्यात एक रीत आहे आणि ती समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. काम संपले, हत्यारे पिशवीत गेली की गिऱ्हाईक काहीतरी खोट काढते. वायर दिसते आहे, स्पीकर वाकडा आहे, आवाज जरा कसातरी आहे. खोट खरी नसते. ती मजुरीतून दोन-तीनशे कमी करण्याची प्रस्तावना असते. कारागीर ते ओळखतो, थोडे ओढून धरतो, थोडे सोडतो. सात वर्षे हेच ऐकलेल्या माणसाला त्या क्षणी दुसरा अर्थ सुचला नाही. कदाचित सुचला, म्हणूनच त्यांचा आवाज चढला.

"हे बघा, मला सगळं कळतं. पाचशे कमी द्यायचे असतील तर तोंडानं सांगा. स्पीकरच्या तोंडून कशाला बोलता?"

"काका, काय बोलताय!"

"नाशिककर ना तुम्ही? सगळीकडे तेच. जेवायला बसताना वा वा, हात धुताना मीठ कमी."

सिद्धांतने फोन काढला, दोन हजार पाठवले आणि फोन रघुवीरसमोर धरला. "पूर्ण दिले. आता पैशांचा विषय संपला ना? आता सांगा, तो आवाज कसा काढायचा."

रघुवीर पिशवीची चेन लावत होते. ती अर्ध्यावर राहिली. पैसे पुरते मिळाल्यावर त्यांच्याजवळचे एकुलते स्पष्टीकरण गेले होते. पैसे हाती आल्यावरही जो तक्रार करतो, त्याला काहीतरी ऐकू येत असते.

प्राचीने अगदी साधेपणाने सुचवले. तिच्या संस्थेत असे रोज करतात. "मी पाठ करून उभी राहते. तुम्ही ॲम्प्लिफायर चालू-बंद करा, मनाला येईल तसा. मी सांगते."

रघुवीरनी दहा वेळा चालू-बंदचा खटका वापरला. चालू, चालू, बंद, चालू, बंद, बंद. भिंतीकडे तोंड करून प्राची सांगत गेली: आहे, आहे, नाही, आहे, नाही, नाही. दहापैकी दहा. मग त्यांनी आवाजाचा नॉब हळूहळू मागे आणला आणि विचारले, "आता?" "आहे." "आता?" "थोडा." निम्म्यावर आल्यावर ती म्हणाली, "आता गेला." रिसीव्हरमध्ये पुढच्या दोन स्पीकरांचे माप तेवढेच वाढवले. ताकद तीच राहिली, आवाज तोच, फुसफुस गेली. हे करायचे कसे ते त्यांना पहिल्यापासून माहीत होते. कुठे थांबायचे एवढे फक्त माहीत नव्हते, आणि ते त्यांना एकोणतीस वर्षांत प्रथमच दुसऱ्याला विचारावे लागले.

निघताना प्राची चहा म्हणाली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. माफी मागितली नाही.

दुपारभर ते स्कूटरवर होते. कोणत्याही सेक्टरमध्ये काही काम नव्हते. प्रत्येक चौकात थांबून ते हॉर्न, गिअर, पक्षी असे काय काय ऐकू येते ते मोजत राहिले. झाडांवर पक्षी दिसत होते, चोची उघडत होत्या.

मंगळवारी ते रुग्णालयात गेले. कांचननी त्यांना रांग चुकवू दिली नाही. पावती काढायला लावली, नाव पुकारले तेव्हाच आत घेतले. आवाजबंद खोलीच्या काचेतून रघुवीर त्यांच्या हाताकडे बघत होते. हात हलला की बटण दाबायचे, ही युक्ती अनेक रोगी करतात.

"तोंड तिकडे करा," कांचन म्हणाल्या. "माझ्याकडे पाठ."

"रोग्याशी असं बोलतात?"

"सगळ्यांशी असंच."

जाड सुरांना बटण लगेच दाबले गेले. मग सूर बारीक होत गेले. चार हजार हर्ट्झच्या सुरावर कांचननी आवाज चाळीस डेसिबलपर्यंत नेला; चांगल्या कानाला वीस पुरतात. पन्नास. साठ. काचेपलीकडे तो माणूस पाठमोरा, सरळ, लक्ष देऊन बसला होता, अंगठा बटणावर तयार. पासष्टला अंगठा हलला. कांचननी आलेखावर खूण केली. पुढचा सूर लावला. बाहेर तिघे थांबले होते.

डॉक्टरांनी सांगितले ते थोडके होते: दोन्ही कान, आवाजाच्या माऱ्याने, भरून न येणारे. आणखी बिघडू नये म्हणून काळजी घ्या.

बाहेरच्या बाकावर रघुवीरनी विचारले, "किती वर्षांपासून असेल?"

"ते यंत्र सांगत नाही."

"तू सांग."

कांचननी हातातल्या कागदाची घडी घातली. "तीन वर्षं तरी मला शंका होती. टीव्ही तुमच्या मापानं लावत होते. मधूच्या फीचं वर्ष होतं, मग दुसरं काहीतरी. विचारत होते, पण तुम्ही नाही म्हणालात की बरं वाटायचं. हे माझं काम आहे आणि मी ते घरी केलं नाही."

रघुवीर उठले, चार पावले गेले, परत येऊन बसले. मग त्यांनी जे विचारले ते स्वतःविषयी नव्हते. "मग बाकीच्यांचं काय?"

सिद्धांतचे घर वगळता सात वर्षांत वाढीव ॲम्प्लिफायर बसवलेली घरे एकतीस होती, आणि त्या सगळ्या ठिकाणी नॉब पूर्ण उघडा होता. सूं, सी, फुस असे कुणी ना कुणी म्हटलेच होते. कुठे त्यांनी थट्टेवर नेले होते, कुठे दोनशे सोडले होते, कुठे आवाज चढवला होता. कारागिराचा अधिकार मोठा असतो. तो 'नाही' म्हणाला की ऐकणारा स्वतःच्या कानावर संशय घेतो.

जवळच्या पिंजौर गावचे निवृत्त शाळामास्तर त्यांतलेच. मार्चमधल्या एका रविवारी रघुवीर आणि कांचन त्यांच्याकडे गेले. रघुवीरनी सर्व्हिसिंग म्हणून सांगायचे ठरवले होते. जिन्यातच कांचननी अडवले. "अहो, खरं सांगायचं असेल तर मी वर येते. नाहीतर बस पकडते."

त्यांनी सांगितले. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग ते हसले. पण त्या हसण्यात आनंद नव्हता. "लोखंडे जी, तुमने कहा कुछ नहीं है, तो मैंने सोचा मेरे ही कान बजते हैं. दो साल से दवाई खा रहा हूँ."

कांचन पाठ करून उभ्या राहिल्या. रघुवीर नॉब मागे आणत गेले. "आहे. आहे. थोडा. गेला." मास्तरांनी जाळीला कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग औषधाची बाटली फडताळातून काढून त्यांनी रघुवीरच्या समोर ठेवली.

एप्रिलमध्ये ते सिद्धांतच्या घरी गेले, एकटेच. तिथे दुरुस्त करण्यासारखे काही उरले नव्हते. दारातच म्हणाले, "मी त्या दिवशी तुम्हाला लबाड ठरवलं. लबाड तुम्ही नव्हता." प्राचीने या वेळी चहा दिला आणि त्यांनी तो घेतला.

काम थांबलेले नाही. मायक्रोफोन आता खोक्यातून बाहेर येतो आणि नव्या गिऱ्हाइकाला आधीच सांगितले जाते की वरचे सूर मला ऐकू येत नाहीत, ते तुम्ही ऐकायचे. काही जण दुसरा माणूस बघतात. महिन्याची कामे निम्म्यावर आली आहेत. चित्रपटगृहाच्या मालकांकडे कांचननी नुकसानभरपाईचा अर्ज पाठवला. कंपनी गुंडाळली गेल्यामुळे पाकीट न उघडता परत आले.

हे लिहिताना ऑगस्ट संपत आला आहे. एकतीस घरांपैकी चौदा घरी जाऊन झाले. सहा घरांतली माणसे शहर किंवा देश सोडून गेली, त्यांचा पत्ता नाही. अकरा घरी अजून कुणी गेलेले नाही, आणि तिथली माणसे आपल्याच कानांत दोष आहे असे समजत आहेत.